स्नेहसंमेलनातला सिद्दी: चिरेखाणीवरच्या एका मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या एका गावात, वरच्या सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर, जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, शाळा आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत. काही तपशीलही बदलले आहेत. गावातली तरुण माणसं मुंबईला आणि त्यांची मुलंही तिकडेच, त्यामुळे शाळेचा पट वर्षागणिक उतरतो आहे. तो सावरून धरतात ती चिरेखाणीवरच्या कामगारांची मुलं. दिवाळीनंतर खाणी सुरू झाल्या की कर्नाटकातून टोळ्या येतात, सड्यावर पत्र्याच्या खोपटांत राहतात आणि पावसाच्या तोंडावर घरी जातात. या मुलांसाठी खाणीवर संध्याकाळची अभ्यासिका चालवणं हे आमच्या संस्थेचं काम. हे प्रकरण तिथूनच आमच्यापर्यंत आलं.

त्या वर्षी आलेल्या टोळीत हल्याळ तालुक्यातलं एक सिद्दी कुटुंब होतं. बाप चिरे कापायच्या मशीनवर, आई ट्रक भरायला. मुलगी पाचवीत. हल्याळकडे मराठी सर्रास बोलली जाते, त्यामुळे मुलीला भाषेची अडचण नव्हतीच. घरी त्यांची कोंकणी, बाजारात कन्नड, शेजाऱ्यांशी मराठी. गणितात तर ती वर्गातल्या बहुतेकांच्या पुढे होती. अपूर्णांकांची बेरीज ती वहीत न मांडता तोंडी करायची.

सिद्दी म्हणजे पूर्व आफ्रिकेतून भारतात आलेल्या लोकांचे वंशज. कुणाला गुलाम म्हणून आणलं गेलं, कुणी खलाशी म्हणून आलं, कुणी शिपाई म्हणून. पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेले कितीतरी जण तिथून निसटून घाटातल्या जंगलांत गेले. उत्तर कन्नडच्या हल्याळ, यल्लापूर, अंकोला, मुंडगोड या तालुक्यांत आज त्यांची वस्ती आहे. गुजरातेत गीरच्या आसपास आहे, हैदराबादेत आहे. आणि आपल्याच किनाऱ्यावर, मुरूडला, सिद्दी नवाबांचं जंजिरा संस्थान १९४८ पर्यंत होतं. आफ्रिकी वंशाची माणसं कोकणाला शतकानुशतकं माहीत आहेत. मात्र आमच्या त्या शाळेत ‘सिद्दी’ म्हटलं की एकच चित्र उभं राहायचं: इतिहासाच्या पुस्तकातला शत्रू.

काय घडत होतं

सुरुवात केसांपासून झाली. मागच्या बाकावरची मुलं तिच्या केसांत पेन्सिल खोचून बघायची, हात सोडल्यावर ती पडते की तशीच राहते. पेन्सिल राहिली की हशा. मग चिंचोके, मग कागदाच्या गोळ्या. ती मान न हलवता बसून राहायची, कारण मान हलवली की गोळ्या खाली पडायच्या आणि पुन्हा हसू व्हायचं. ‘हबशी’, ‘निग्रो’ ही नावं वर्गात रुळली होती. खिचडीच्या पंगतीत ती टोकाला बसायची आणि तिच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी राहायची.

हे मुलांचं झालं. मोठ्यांचं वागणं याहून वेगळं होतं, आणि माझ्या मते जास्त नुकसान त्यानेच केलं. वर्गशिक्षकांनी ती आल्याच्या आठवड्यात ठरवून टाकलं की ही धावणार. “ह्यांच्यात दम उपजतच असतो,” असं ते कौतुकाने सगळ्यांना सांगत. केंद्रस्तरीय स्पर्धेसाठी त्यांनी स्वतःच्या खिशातून तिला बूट आणले. त्याच दिवसांत पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज भरले जात होते, त्यात तिचं नाव गेलं नाही. विचारल्यावर उत्तर आलं की ही मुलं परीक्षेपर्यंत टिकत नाहीत. खरं तर परीक्षा फेब्रुवारीत आणि टोळी परतते मे संपता-संपता. स्पर्धेत ती चौथी आली. ती कधी धावायला शिकलीच नव्हती, आणि तिला धावायची आवडही नव्हती. परतीच्या टेम्पोत एका मुलाने विचारलं, “तू आफ्रिकेची ना? मग हरलीस कशी?” शिक्षकही त्या दिवशी तिच्याशी फारसे बोलले नाहीत.

ही समजूत एकट्या त्या शिक्षकांची नाही. १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष क्षेत्र योजनेत सिद्दी मुलांची निवड सुरू केली ती याच विचाराने, की आफ्रिकी रक्त म्हणजे पदकं. काही मुलं खरोखर पुढे गेली. १९९३ मध्ये ती वाट बंद झाली आणि प्रशिक्षण अर्धवट राहिलेली मुलं गावी परतली. शरीरावर भरवसा ठेवला गेला, शिक्षणाचं पुढे काय हे कुणी पाहिलं नाही.

जानेवारीत स्नेहसंमेलन होतं. पन्हाळ्याच्या वेढ्यावर नाटुकलं बसवायचं ठरलं आणि सिद्दी जौहरची भूमिका तिला देण्यात आली. तालमीत शिक्षक सहज बोलून गेले, “हिला रंग लावायची गरजच नाही.” सगळी मुलं हसली. दुसऱ्या दिवसापासून तिचं पोट दुखू लागलं आणि ती शाळेत यायची थांबली.

अडचण नेमकी कुठे होती

आईने हे आम्हाला अभ्यासिकेत सांगितलं ते तक्रार म्हणून नव्हे. ती कवंदी शिवत बसली होती. सिद्दी बायकांची ती खास गोधडी, जुन्या लुगड्यांचे तुकडे बाहेरच्या कडेकडून आत जोडत नेतात आणि चारी कोपऱ्यांना घड्यांची फुलं बसवतात. शिवता शिवताच म्हणाली, “पोट दुखत नाही तिचं. शाळेला मी पाठवू की नको, तेवढं सांगा.” त्या टोळीचा ठेकेदार आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष यांचे व्यवहार एकमेकांत गुंतलेले होते; खाणीची जमीन अध्यक्षांच्या घरची. कुटुंबाने हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली. बापाचं म्हणणं स्पष्ट होतं: चार महिने गप्प राहू, मग घरी जाऊ.

शिक्षक दुष्ट असते तर प्रकरण सोपं होतं. ते तसे नव्हते. मुख्य भूमिका देऊन आपण मुलीला मान दिला, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मुलांच्या चिडवण्याला ते मस्करी म्हणत, आणि स्वतःच्या वागण्याला प्रोत्साहन. पण दोन्हीकडे त्या मुलीला एकच गोष्ट सांगितली जात होती: तू कोण आहेस हे तुझं अंग बघून आम्ही ठरवू. आमच्या मते हा सरळ वर्णभेद होता आणि त्याला दुसरं सौम्य नाव द्यायचं नाही, हे आम्ही आपसात आधी पक्कं केलं. संविधानाच्या कलम १५ मध्ये धर्म आणि जात यांच्या मध्ये ‘वंश’ हा शब्द आहेच. वंशभेदाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९६८ मध्ये मान्यता दिली, त्यातही वंश, वर्ण आणि कूळ ही कारणं नोंदलेली आहेत.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पोलिसांचा. उत्तर कन्नडच्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. महाराष्ट्राच्या यादीत ते नाहीत, म्हणून इथे सवलती मिळत नाहीत. पण संरक्षणाची गोष्ट निराळी. एका राज्यात अनुसूचित जाती-जमातीत असलेल्या माणसाला दुसऱ्या राज्यातही अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण मिळतं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘तुमचा दाखला इथे चालत नाही’ म्हणून परत पाठवलं जाण्याची भीती असलेल्या स्थलांतरित कामगारांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे, आणि तो आम्ही आईवडिलांना नीट समजावून सांगितला. तरीही या प्रकरणात चिडवणारी दहा-अकरा वर्षांची मुलं होती, आणि शिक्षकांच्या बाबतीत अपमानाचा हेतू सिद्ध करणं कठीण. आईने नकार दिला. उचल अंगावर असताना केस म्हणजे काय, हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

दुसरा पर्याय गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रारीचा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलांच्या शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. तक्रार टिकली असती. मात्र चौकशी लागली की शाळेतले सगळे एकमेकांच्या पाठीशी उभे राहतात आणि खाणीवरची सगळीच मुलं ‘भानगडीची’ ठरतात, हे आम्ही याआधी पाहिलेलं आहे.

शाळा बदलण्याचा मार्ग होता, पण जवळची शाळा चार किलोमीटरवर. आणि जिच्यावर अन्याय झाला तिनेच उठून जायचं, हे आम्हाला कुणालाच पटेना.

राहिला शाळेच्या आतला मार्ग: मुख्याध्यापिकांशी बोलणं, लेखी मुद्दे, ठरलेली मुदत, मग समितीची बैठक. हाच निवडला. मुदतीत काही हललं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचं, हेही मुख्याध्यापिकांना पहिल्याच भेटीत सांगितलं. धमकी म्हणून नव्हे. दार उघडं ठेवलं आहे हे लपवलं असतं तर पुढे विश्वासच उरला नसता.

निर्णय घेण्याआधी मुलीला विचारलं. तिने तीन गोष्टी सांगितल्या. जौहर होणार नाही. केसांना कुणी हात लावायचा नाही. आणि मला पुढे उभं करून कुणाला सॉरी म्हणायला लावू नका. तिसरी अट आमच्या कुणाच्या मनात आली नसती. तिच्यामुळे पुढचं सगळं काम वेगळ्या वळणाने गेलं.

काय केलं

पहिल्या बैठकीत आरोप केले नाहीत. आईने आणि मुलीने मिळून, जे घडलं ते तारीखवार सांगितलं होतं. आम्ही ते विशेषणं न लावता एका पानावर उतरवून नेलं होतं. कोण काय म्हणालं, कुठे, त्या वेळी वर्गात मोठं माणूस होतं की नाही, एवढंच. वर्गशिक्षक आधी दुखावले. “मी तिला बूट आणले, ते नाही लिहिलंत?” असं म्हणाले. मुख्याध्यापिकांनी पान त्यांच्याकडे सरकवलं आणि ‘रंग लावायची गरजच नाही’ ही ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. ती त्यांनी वाचली आणि पुढची वाचली नाही. बराच वेळ पानाकडे बघत राहिले. बैठक खरी तिथे सुरू झाली.

नाटुकलं रद्द करावं असा एक सूर होता. आम्ही त्याला विरोध केला. रद्द झालं असतं तर ‘हिच्यामुळे आमचं नाटक गेलं’ हे वर्षभर तिच्या माथी आलं असतं. मग कथानकच नीट वाचायचं ठरलं, आणि हे काम वर्गशिक्षकांनी स्वतः अंगावर घेतलं. १६६० च्या त्या वेढ्यात महाराजांच्या बाजूनेही सिद्दी होता. नेताजी पालकरांबरोबर वेढा फोडायला सिद्दी हिलाल गेला आणि त्याचा मुलगा वाहवाह लढताना जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. प्रतापगडावर अफजलखानाच्या भेटीच्या वेळी महाराजांनी सोबत निवडलेल्या मोजक्या माणसांत सिद्दी इब्राहिम होता. हे सगळं शिक्षकांनी कधीतरी वाचलेलं होतं. वर्गात सांगायचं कधी सुचलं नव्हतं. हिलालचा प्रवेश नाटकात आला. सगळ्या भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटल्या आणि कुणाच्याही तोंडाला काळं फासायचं नाही असं ठरलं.

इथे एक बारीक पण महत्त्वाचं वळण आलं. मुख्याध्यापिकांना वाटलं, आता हिलाल हिलाच द्यावा, छान होईल. आम्हालाही क्षणभर तसंच वाटलं. मुलगी नाही म्हणाली. तिला सूत्रधार व्हायचं होतं, कारण सर्वांत जास्त वाक्यं त्याला होती. ‘चांगला’ सिद्दी दिला तरी तिच्या वाट्याला सिद्दीच येत होता, हे तिने मोठ्यांच्या आधी ओळखलं. ती सूत्रधार झाली.

समितीची बैठक जड गेली. अध्यक्षांचं सुरुवातीलाच ठरलेलं: “पोरा ती. पोरांचा काय मनार घेतास?” कायद्याची कलमं सांगून फारसं काही हललं नाही. हललं ते गावातल्याच एका पालक बाईंमुळे. त्या म्हणाल्या, “माझो भाव दुबयत आसा. थंय तेका कोण काय म्हणता, ता तो घराक सांगणा नाय. पण माका कळता.” कोकणातल्या घराघरांतला कुणीतरी आखातात किंवा बोटीवर आहे. बैठकीत कुणी उत्तर दिलं नाही, आणि अध्यक्षांनी विषय पुढे घ्या म्हणून सांगितलं.

ठराव साधा झाला. रंग, केस, गाव, वंश यांवरून नाव ठेवलेलं ज्या मोठ्या माणसाच्या कानावर पडेल त्याने तिथल्या तिथे थांबवायचं, नंतर बघू म्हणायचं नाही. बाकांच्या आणि पंगतीच्या जागा दर आठवड्याला बदलायच्या, सगळ्यांच्याच. खेळ आणि परीक्षा यांत नाव घालण्याआधी मुलाला आणि पालकांना विचारायचं. पेन्सिल खोचणाऱ्या मुलाच्या आईला मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. मुलाने माफी मागितली ती दोन्ही आयांच्या समोर, वर्गाबाहेर.

इतिहासाच्या तासांना शिक्षकांनी सिद्दींचा विषय घेतला, मुलीकडे बोट न दाखवता. मलिक अंबर हा गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा कारभारी कसा झाला, त्याने वसवलेलं खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, तिथे त्याने खापरी नळांतून आणलेलं पाणी, आणि १६२४ मध्ये भातवडीला त्याच्या सैन्यात शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी कसे लढले. मग आजची माणसं: गुजरातेतल्या जांबूरच्या हिराबाई लोबी, ज्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०२० मध्ये कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेलेले शांताराम सिद्दी. त्या वर्गातल्या मुलांनी सिद्दी आमदार असतो हे पहिल्यांदा ऐकलं. त्या मुलीनेही.

२१ मार्चला, वंशभेद निर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय दिवशी, तिचा सत्कार करावा असं शाळांच्या केंद्रातून सुचवलं गेलं. १९६० मध्ये याच दिवशी दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल इथे पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या आणि ६९ माणसं मारली. तो इतिहास परिपाठात सांगितला गेला, सत्कार मात्र आम्ही नम्रपणे टाळला. सत्काराला तिला सगळ्यांच्या पुढेच उभं राहावं लागलं असतं.

निष्पत्ती

मुलगी नाटकाच्या तालमींसाठी शाळेत परतली आणि मग नियमित आली. पंगतीतली मोकळी जागा जागा-बदलामुळे गेली. सवयीने गेली की मनातून, हे सांगता येणार नाही, आणि मी तसा दावा करत नाही. ‘हबशी’ वर्गात थांबलं, पण काही आठवड्यांनी मैदानावर क्रिकेटमध्ये पुन्हा ऐकू आलं. ते थांबवलं शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी. त्यांनी खेळ बंद करून बॅट चुलीजवळ नेऊन ठेवली आणि मुलांना सांगितलं की मुख्याध्यापिका येईपर्यंत ती मिळणार नाही.

शिष्यवृत्ती परीक्षा मात्र हुकली. अर्जाची मुदत संपली होती आणि विलंब शुल्काचीही. मुख्याध्यापिकांनी जुन्या प्रश्नपत्रिका तिच्याकडून सोडवून घेतल्या. गणितात ती शाळेतून बसलेल्या सगळ्यांच्या वर होती. हे समाधान नाही, हा तिचा झालेला तोटा आहे आणि तो भरून निघालेला नाही.

मे महिन्यात कुटुंब गावी गेलं. पुढच्या हंगामात टोळी दुसऱ्या तालुक्यात लागली. नव्या शाळेला काय कळवायचं हा प्रश्न आला. झालेलं सगळं कळवावं, म्हणजे तिथले शिक्षक सावध राहतील, असं आमच्यातल्या काहींचं मत होतं. आई म्हणाली, “गणिताचं सांगा. बाकीचं तिला सांगायचं असेल तर ती सांगेल.” पत्रात गणिताचंच लिहिलं.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

सर्वांत आधी मावशींशी बोलायला हवं. पंगत, मैदान, नळ या ठिकाणी शिक्षक नसतात, मावशी असतात. त्यांनी हे सगळं पहिल्या दिवसापासून पाहिलं होतं आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. समितीच्या बैठकीलाही त्यांना बोलावलं नव्हतं.

तालमीपर्यंत वाट पाहण्याचं कारण नव्हतं. शिष्यवृत्तीच्या यादीत हुशार मुलीचं नाव नाही आणि धावण्याच्या यादीत न विचारता आहे, एवढ्यावरून प्रश्न विचारता आला असता. चिडवणं दिसतं, म्हणून आपण त्याची वाट बघत बसतो. याद्या कुणी बघत नाही.

पोलिसांकडे न जाण्याचा निर्णय या प्रकरणापुरता होता. हाणामारी झाली असती, मोठ्या माणसाने चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला असता किंवा मुलीला शाळेतून काढलं असतं, तर आम्ही आईला निराळा सल्ला दिला असता. उचलीच्या दडपणाखाली दिलेला नकार कितपत स्वखुशीचा, यावर आमच्यात आजही एकमत नाही. तक्रार झाली तर ठेकेदाराचा दबाव येणारच असं धरून, कामगार कार्यालयाकडे जाण्याची तयारी समांतर ठेवायला हवी होती, असं माझं मत आहे.

शाळेने एक बदल स्वतःहून केला. अर्जांची मुदत चालू असते नेमक्या त्याच दिवसांत टोळ्या येतात. आता दिवाळीची सुट्टी संपली की मुख्याध्यापिका आणि वर्गशिक्षक खाणीवर येतात, खोपटांतून फिरून मुलांची नावं घेतात, आणि शिष्यवृत्तीचे कोरे अर्ज सोबत आणतात. जुन्या शाळेचा दाखला नसला तरी प्रवेश देतात. शिक्षण हक्क कायद्याने तो अडवता येतही नाही. गेल्या हंगामात खाणीवरच्या मुलांचे अर्ज पहिल्यांदाच मुदतीत गेले. त्यांत सिद्दी मूल एकही नव्हतं, कारण ती टोळी त्या हंगामात इकडे आली नव्हती. दुसऱ्या तालुक्यातल्या त्या शाळेशी आता आम्ही तिच्या पुढच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाबद्दल बोलतो आहोत.